ऊन सगळ्यांकडे आहे, सबस्टेशन कुणाजवळ आहे?



"दादा, पाच एकर माळरान पडून आहे, दिवसभर कडक ऊन असतं, सोलर टाकू का?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो. माझं मत सरळ आहे. ऊन बघून सोलरची जागा ठरवू नका.

ऐकायला विचित्र वाटेल. पण जागतिक बँकेचा 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलास' फुकट आहे, मोबाईलवर उघडा आणि तुमच्या तालुक्यातल्या चार गावांवर बोट ठेवा. सह्याद्रीचा घाट सोडला तर आकडे जवळपास सारखेच दिसतील. देश किंवा राज्य पातळीवर जागा शोधणाऱ्याला उन्हाचा फरक महत्त्वाचा असतो, तुम्हाला नाही. एकाच रस्त्यावरचे दोन गाळे बघताना 'गावाची लोकसंख्या किती' याला तुम्ही मार्क देता का? दोघांनाही तेवढेच मिळणार. जो निकष सगळ्यांना सारखेच मार्क देतो, त्याचा निवडीला उपयोग शून्य. तरीपण बाजारात मिळणाऱ्या रंगीत रिपोर्टमध्ये उन्हालाच सगळ्यात जास्त वजन दिलेलं असतं. नकाशा लालभडक दिसतो, गिऱ्हाईक खूश!

मग फरक कशात पडतो? तारेत. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-कुसुम योजनेच्या घटक 'अ' मध्ये ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे प्रकल्प आहेत आणि जागा सबस्टेशनपासून ५ किलोमीटरच्या आत असावी, अशी मूळ कल्पना आहे. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर लागतात. सबस्टेशनपर्यंतच्या ११ केव्ही लाईनचा खर्च किलोमीटरमागे लाखांत जातो. म्हणजे दीड किलोमीटरवरची उंचसखल जमीन चार किलोमीटरवरच्या सपाट जमिनीला हरवू शकते. हरवेलच असं नाही, आणि इथेच हिशोब लागतो.

हिशोबाची पद्धत नवी नाही. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडली, एएचपी म्हणतात तिला. दोन-दोन निकषांची जोडी घ्यायची आणि विचारायचं, कोण जास्त महत्त्वाचं आणि किती पट? १ म्हणजे सारखं, ९ म्हणजे टोकाचं. समजा तुम्ही म्हणालात की सबस्टेशनचं अंतर उतारापेक्षा ३ पट आणि रस्त्यापेक्षा ५ पट महत्त्वाचं, उतार रस्त्यापेक्षा ३ पट. गणित केलं की वजनं येतात साधारण ६४, २६ आणि १० टक्के. ही पद्धत तुमची उत्तरं एकमेकांशी जुळतात का तेही तपासते. विसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या वर गेलं तर परत विचार करा म्हणते. (घरच्या खर्चालाही असं मशीन मिळालं असतं तर!)

आता दोन जमिनी घ्या, आकडे उदाहरणापुरते. पहिलीला अंतराचे १० पैकी ९, उताराचे ४, रस्त्याचे ६. दुसरीला ५, ९, ९. वरच्या वजनांनी पहिलीला ७.४ आणि दुसरीला ६.४४. पहिली जिंकली. तिन्ही निकषांना सारखं वजन दिलं तर? पहिली ६.३, दुसरी ७.७. निकाल उलटा! जमिनी त्याच, मार्क तेच. म्हणून कुणी सल्लागार नकाशा घेऊन आला तर रंग बघू नका, वजनं मागा. वजनं थोडी हलवली तर पहिला नंबर टिकतो का, तेही विचारा. हे सांगता येत नसेल तर तो रिपोर्ट म्हणजे नुसती रंगीत झेरॉक्स.

दुसरी गोष्ट. काही निकषांना मार्क द्यायचेच नसतात, तिथे फक्त हो किंवा नाही. वनजमीन, अभयारण्य, पूररेषा. ती जागा आधीच नकाशातून कापायची. 'जंगल आहे पण रस्ता मस्त आहे' अशी बेरीज चालत नाही. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर आणि इस्रोचं 'भुवन' वापरून हे काम शिकलेला मुलगा घरबसल्या करू शकतो: आधी चाळणी, मग उरलेल्या तुकड्यांना मार्क. उत्तरेकडे उतार असेल तर पॅनेलच्या रांगांत जास्त अंतर ठेवावं लागतं, म्हणजे जागा जास्त लागते, तेही त्यात धरा. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाचा खर्च वाढतो.

पण उपग्रहाला सातबारा दिसत नाही. इतर हक्कातला बोजा, सामाईक खातं, भोगवटादार वर्ग २, बांधावरून जुनी वहिवाट, यातलं एक जरी निघालं तरी नंबर एकची जमीन लटकते. आणि सबस्टेशन जवळ असलं तरी त्याची क्षमता आधीच भरलेली असू शकते. अंतर नकाशा सांगतो, शिल्लक क्षमता महावितरणच सांगणार.

अजून एक, जे बोलायला कुणाला आवडत नाही. नकाशावर 'पडीक' लिहिलेली जागा बहुतेक वेळा कुणाचं तरी चराऊ रान असतं. सोलापूर-नगरकडच्या माळरानावर मेंढपाळ फिरतात, लांडगे राहतात. नान्नजला तर माळढोकासाठी अभयारण्य केलंय. सॉफ्टवेअरमध्ये ती जमीन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी दिसते, कारण तिथल्या माणसांचा थर कुणी टाकलेलाच नसतो. तो थर तुम्ही टाका. ग्रामसभेत नंतर भांडण झालं की प्रकल्प अडकतो, हा शुद्ध धंद्याचा मुद्दा समजला तरी चालेल. मला स्वतःला तो तेवढाच वाटत नाही.

आणि ज्यांना प्रकल्प नको, फक्त भाडं हवंय त्यांच्यासाठी: २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असं ठरलंय. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास. बागायतीचा हिशोब यापुढे मांडून बघा, कोरडवाहूचा वेगळा मांडा. 'आधी नोंदणीचे पैसे भरा, जमीन पास करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

या आठवड्यात एवढंच करा. गट नंबर, ताजा सातबारा आणि सबस्टेशनपर्यंतचं मोबाईलवर मोजलेलं अंतर घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जा आणि तिथे क्षमता किती शिल्लक आहे ते विचारा. क्यूजीआयएसमध्ये चाळणी कशी लावायची ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.