स्पॅनिश शिकायला इंग्रजीची कुबडी कशाला?

आजूबाजूला सध्या स्पॅनिशची साथ आली आहे. कुणाचा क्लायंट मेक्सिकोतला, कुणाला माद्रिदला ऑनसाइट जायची आशा, तर कुणी 'ला कासा दे पापेल' बघून पेटलेलं. उत्तम आहे. २० देशांची राजभाषा आहे, जरूर शिका. पण मंडळी, एक प्रश्न. घरी मराठी, कट्ट्यावर मराठी, ठेच लागल्यावर 'आई गं' सुद्धा मराठीत. मग स्पॅनिश शिकायला बसलं की लगेच अमेरिकन माणसासारखं डोकं का चालवायचं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. स्वतःच्या जिवावर स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने व्याकरण इंग्रजीतून समजून घेणं म्हणजे वेळेची नासाडी. इंग्रजी पुस्तकांत जे धडे 'फार अवघड, नीट लक्ष द्या' म्हणून येतात, त्यातले बरेचसे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी अवघड असतात. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले आहेत!

उदाहरणं देतो, नाहीतर म्हणाल नुसताच अभिमान.

एक. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. इंग्रजी पुस्तक इथे पानंच्या पानं खर्च करतं: हे क्रियापद उलटं आहे, खरा अर्थ 'कॉफी माझ्यासाठी सुखकारक असते', कर्ता कोण ते शोधा वगैरे. अरे, कशाला? 'मला', 'आवडते', 'आवडतात'. संपला धडा. आंबे अनेक म्हणून 'आवडतात', हे आपल्याला कुणी शिकवलं होतं का?

दोन. 'वेओ ला कासा', मी घर बघतो. 'वेओ आ मारिया', मी मारियाला बघतो. माणूस आला की मध्ये एक 'आ' घुसतो. इंग्रजीवाले या 'आ'पुढे हात टेकतात. आपण घर बघतो आणि माणसा'ला' बघतो. तो 'आ' म्हणजे इथला आपला 'ला', बस्स.

तीन. भूतकाळ दोन प्रकारचा. 'आयेर हुगे' म्हणजे काल खेळलो. 'हुगाबा एन ला काये' म्हणजे रस्त्यावर खेळायचो किंवा खेळत होतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच साधा भूतकाळ चालून जातो, म्हणून त्यांना तक्ते पाठ करावे लागतात. 'खेळलो' आणि 'खेळायचो' यांत गोंधळलेला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

चार. 'से मे कायो एल बासो', माझ्या हातून ग्लास पडला. इंग्रजीत 'मी ग्लास पाडला' असा सरळ गुन्हा कबूल करावा लागतो. स्पॅनिश माणूस आपल्यासारखाच अंग काढून घेतो.

पाच, सगळ्यात बदनाम प्रकरण. इच्छा, आशा, आशीर्वाद आला की स्पॅनिश क्रियापदाचं रूप बदलतं. याला घाबरून कितीतरी जण शिकणं सोडतात. 'क्येरो के बेंगास': तू यावंस असं मला वाटतं. 'ओहाला युएबा': पाऊस पडो. 'के दिओस ते बेंदीगा': देव तुझं भलं करो. 'यावंस', 'पडो', 'करो'! ही रूपं 'येतोस', 'पडतो', 'करतो' पेक्षा वेगळी का, हे आपल्याला आतून कळतं. ती रूपं पाठ करावीच लागतील, पण कधी वापरायची हा खरा अवघड भाग अर्ध्याहून जास्त फुकटात मिळतो.

उच्चारांचं तर विचारूच नका. स्पॅनिशमध्ये स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. त आणि द दातांवरचे, आपलेच. प, त, क हवा न सोडता. इंग्रजी माणसाला हे शिकायला महिने लागतात. आणि आपण काय करतो? मेन्यूकार्डावरचा 'टॅको' वाचतो. मेक्सिकोत तो 'ताको' आहे हो! आपल्याकडे सरळ 'त' असताना आपण इंग्रजांकडून उसना 'ट' आणला. माझा सगळा वाद या एका अक्षरात आला.

शब्दांतही थोडी ओळख निघते. पाव, चावी, साबण, पगार, बिजागरी हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून स्पॅनिशमध्ये 'पान', 'याबे', 'हाबोन', 'बिसाग्रा'. 'पागार' म्हणजे पैसे देणे. हे क्रियापद तरी विसरू नका, महिनाअखेरीला उपयोगी पडेल.

आता दुसरी बाजूही सांगतो. मराठी सगळीकडे पुरत नाही. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन्हींना आपल्याकडे एकच 'आहे'. नामाआधी 'एल' की 'ला', ही सवय आपल्याला नाही. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी. 'पोर' आणि 'पारा' सगळ्यांनाच छळतात. मेहनत इथे करा. आणि शब्दसंग्रहासाठी इंग्रजी खुशाल वापरा: नेशन–नासिओन, स्टेशन–एस्तासिओन, इन्फर्मेशन–इन्फोर्मासिओन. इंग्रजी हा चांगला शब्दकोश आहे. त्याला मास्तर करू नका, एवढंच.

"पण पुस्तकं, ॲप्स सगळी इंग्रजीतच असतात ना?" असू देत की. पुस्तक इंग्रजी, वही मराठी. प्रत्येक नियम वाचला की विचारा, हे मराठीत मी कसं म्हणतो? सापडलं तर पुढचं पान. नाही सापडलं तर तिथे खूण करून ठेवा, तो तुमचा खरा अभ्यासक्रम.

कार्यक्षमतेचं गणितही मांडू, शेवटी आपण इंजिनिअर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास धरतं. तो आकडा इंग्रजी भाषकांचा, पगारी वेळेचा आणि कामकाजाच्या पातळीचा आहे. तरी अंदाज म्हणून घ्या. रोज १५ मिनिटं ॲपवर टिचक्या मारल्या तर वर्षाचे होतात ९१ तास. म्हणजे ६०० तासांना साडेसहा वर्षं! रोज एक तास दिला तर वीस महिने. 'तीन महिन्यांत अस्खलित' म्हणणाऱ्यांना हा भागाकार करून दाखवा.

तो एक तास असा: २० मिनिटं अंकीसारख्या उजळणीच्या कार्डांवर, पुढे मराठी वाक्य, मागे स्पॅनिश, सुटे शब्द नकोत. ३० मिनिटं ऐकणं, शक्यतो सोबत मजकूर ठेवून. १९९२ ची 'देस्तिनोस' ही ५२ भागांची मालिका खास शिकणाऱ्यांसाठीच केली होती, तिथून सुरुवात करा. उरलेली १० मिनिटं मोठ्याने बोलणं. आठवड्यातून एकदा खऱ्या माणसाशी गप्पा, चुकत माकत.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मराठी ज्ञानभाषा व्हायला हवी असं आपण फेब्रुवारीत एक दिवस म्हणतो, आणि उरलेलं वर्ष समजून चालतो की कुठलीही नवी गोष्ट शिकायची तर आधी इंग्रजीच्या काउंटरवर रांग लावली पाहिजे. मराठी–स्पॅनिश चांगली पुस्तकं दुर्मीळ, कारण मागणारेच नाहीत. मागणारे नाहीत, कारण मराठीतून स्पॅनिश सोपी जाते हे कुणी करूनच बघत नाही.

तर या शनिवारी करून बघा. दिवसभरात तोंडातून आलेली दहा मराठी वाक्यं लिहा. 'मला कंटाळा आलाय', 'तू यायला हवं होतंस', असली. त्यांचं थेट स्पॅनिश करा, मध्ये इंग्रजी न आणता. अडलात तर शब्दकोश उघडा. दहातली किती इंग्रजीशिवाय जमली, ते मला नक्की कळवा. वाद घालायला मी आहेच.