प्रश्न वाशिंदचे, उत्तरे गाइडातली

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की ५ जूनचा पर्यावरण दिन थोड्या उशिराने का होईना साजरा होतो. प्रभातफेरी निघते, फलकावर घोषणा लिहिल्या जातात, पाहुण्यांच्या हस्ते एखादे रोप लागते आणि बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लागते. या सोहळ्याची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यामागचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या फेरीत चालणाऱ्या मुलांच्या मनात जे प्रश्न असतात त्यांचे पुढे काय होते, याचा विचार शिक्षणखात्याने वा पालकांनी फारसा केलेला दिसत नाही.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील मुलांचे प्रश्न अगदी साधे असतात. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो हे खरे का? साग उन्हाळ्यात पाने का टाकतो? लाकूड पुन्हा उगवते, तर मग तेही अक्षय इंधन का म्हणू नये? सूर्याची वीज रात्री कोठून येते? आणि सर्वांत अडचणीचा प्रश्न : एवढी धरणे आमच्या तालुक्यात, एवढा पाऊस आमच्या डोंगरावर, मग मार्च-एप्रिलमध्ये गावात टँकर का लागतो? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा असा निर्देश दिला आणि पुढे तो अभ्यासक्रमात आलाही. विषय आला, पुस्तक आले, त्यामागोमाग गाइड आले आणि तयार ‘प्रकल्प’ वह्या-पुस्तकांच्या दुकानात विकत मिळू लागले. या साऱ्या व्यवहारात मुलाचा प्रश्न तेवढा बाहेर राहिला.

पिंपळाचेच घ्या. पिंपळ चोवीस तास प्राणवायू सोडतो हे वाक्य कितीतरी फलकांवर आढळते. वस्तुतः प्राणवायू निघतो तो प्रकाशसंश्लेषणात, आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो, प्राणवायू घेतो आणि कर्बवायू सोडतो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू साठवतात, परंतु प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात. म्हणून रात्री झाडाखाली निजणे घातक, असे मात्र नव्हे. झाड रात्री जो कर्बवायू सोडते तो मोकळ्या हवेत सहज विरून जातो. एवढे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. पिंपळाची थोरवी त्याच्या सावलीत आणि त्याच्या फळांवर जगणाऱ्या पाखरांत पुरेशी आहे. तिला खोट्या रसायनशास्त्राचा टेकू देण्याची गरज नाही.

पण याहून अवघड प्रश्न मूल घरातून घेऊन येते. झाड तोडू नये असे गुरुजी सांगतात आणि वडील तर ऐनाच्या फांद्या राबासाठी तोडतात. मग चूक कोण? ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण पसरून भाजण्याची पद्धत पुरातन आहे. भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेतून रोपाला पोषण मिळते, हा त्यामागचा अनुभव. या राबाच्या हक्कावरून इंग्रज सरकारचे वनखाते आणि ठाणे-कुलाब्याचे शेतकरी यांत एवढा झगडा झाला की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी वनआयोग नेमावा लागला. म्हणजे मुलाचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्याला ‘वृक्षतोड थांबवा’ हे उत्तर तेव्हाही अपुरे होते. खरे उत्तर असे की बेताने छाटलेला ऐन पुन्हा फुटतो; दरवर्षी बुंध्यापर्यंत ओरबाडलेला खुरटतो. भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळणे आणि गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडणे हे चारसूत्री भातशेतीतले उपाय राबाचा भार हलका करतात. हा धडा वर्गात झाला तर वडील गुन्हेगार ठरत नाहीत आणि झाडही वाचते. लाकडाच्या अक्षयपणाचे उत्तरही येथेच मिळते : रानाच्या वाढीइतकीच तोड झाली तर लाकूड अक्षय, त्याहून अधिक झाली तर ते कोळशासारखेच संपणारे. मोळी आणण्यासाठी आईला दरवर्षी अधिक दूर जावे लागते का, एवढे विचारले तरी मुलाला आपल्या रानाचा ताळेबंद कळतो.

येथे वनविभागाच्या हिशेबाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने पन्नास कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला. त्यातले ३३ कोटी एकट्या २०१९ सालचे. शाळकरी मुलांचे हात त्यासाठी मुक्तपणे वापरले गेले. पुढे समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा, जो शहापूर तालुक्यातून जातो, वाहतुकीस खुला झाला तो नेमका २०२५ च्या ५ जूनला. तिथीचा हा योग कोणी मुद्दाम साधला नसेल. पण मुलाने विचारले की एका जुन्या झाडाच्या बदली किती रोपे म्हणजे बरोबरी होते, तर उत्तर संख्येत देता येत नाही. रोपाला त्या झाडाएवढे होण्यास किती वर्षे लागतील, आणि तोवर ते कोण जगवील, असा प्रतिप्रश्नच करावा लागतो.

ऊर्जेविषयी तर शहापूर तालुक्यासारखी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. चोंढे येथे सह्याद्रीच्या पायथ्याशी घाटघर उदंचन प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. वरचा घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात. दोहोंच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचे अंतर. २००८ साली सुरू झालेल्या या २५० मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. हुशार मूल येथे हटकून विचारते : मग यातून वीज फुकट मिळाली की! मिळत नाही. अशा प्रकल्पात चार युनिटे खर्ची पडतात तेव्हा ढोबळमानाने तीन परत येतात. तरीही तो तोट्याचा धंदा ठरत नाही, कारण मध्यरात्रीच्या नको असलेल्या विजेपेक्षा संध्याकाळच्या विजेचे मोल अधिक असते. सूर्याची वीज रात्री कोठून येणार, या प्रश्नाचे एक उत्तर वाशिंदच्या मुलांपासून एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहे : दुपारच्या उन्हाची वीज पाण्याच्या रूपाने डोंगरावर नेऊन ठेवायची. सहली मात्र जलविहाराच्या उद्यानांकडे जातात.

फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. वाशिंदजवळून वाहणाऱ्या भातसा नदीतून उन्हाळ्यात जे पाणी जाते, ते प्रामुख्याने धरणातून मुंबईसाठी सोडलेले असते. खाली पिसे येथे ते अडवून पंपांनी उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईकडे पाठवतात; महानगराच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा या एका धरणाचा आहे. उलट याच तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून केवळ उताराच्या बळावर मुंबईला पोहोचते. एका पाण्याला वीज लागते, दुसऱ्याला लागत नाही. यातले ऊर्जेचे गणित सातवीच्या मुलाला सहज पेलेल. वाऱ्याची वीज येथे का नाही, तर त्यासाठी साताऱ्याच्या वनकुसवड्यासारखे किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलसारखे वाहत्या वाऱ्याचे पठार लागते, एवढे सांगितले की पुरे.

राहिला विहिरीचा प्रश्न. तो टाळण्याकडेच सर्वांचा कल असतो, कारण त्यात भूगोल आणि राजकारण एकत्र येतात. भूगोलापुरते उत्तर निर्विवाद आहे. आपला खडक काळा पाषाण, बेसाल्टचा. त्यात पाणी साठते ते फटींत आणि मुरमाच्या थरात, आणि तेही थोडेच. चार महिन्यांत पडणारा दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस तीव्र उतारावरून धावत खाडी गाठतो. डोंगरावर रान असेल तर त्यातला काही भाग मुरतो, रान गेले की तेवढाही मुरत नाही. पण धरणे असूनही टँकर का, याचे उत्तर खडकात नाही. धरण कोणासाठी बांधले आणि जलवाहिनी कोणत्या दिशेला टाकली, यात ते आहे. हे सांगितल्याने शिक्षक राजकारण करतो असे होत नाही. शाळांत ‘जलसुरक्षा’ नावाचा विषय नेमायचा आणि तानसाकाठच्या मुलाला हा नकाशा दाखवायचा नाही, हे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे.

शिक्षकांनी एवढे सारे कसे जाणावे, असा आक्षेप येईल. त्यांच्यामागे शाळाबाह्य कामांचा ससेमिरा आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु याला उपाय पूर्वी करून पाहिलेले आहेत. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाची एक काल्पनिक व्यक्ती होती. मुले तिला पत्रे लिहून वाटेल तो प्रश्न विचारीत आणि जाणकार मंडळी सवालीरामच्या नावाने उत्तरे धाडीत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ साली तेथील सरकारने बंद केला, हा भाग निराळा. आपल्याकडेही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले होते. ते केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषदही मुंबईतच आहे. ठाणे जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर दोन तालुक्यांपुरता एक सवालीराम उभा करण्यास फार मोठा निधी लागणार नाही. काही प्रश्नांना ‘हे अजून पुरते उलगडलेले नाही’ असे उत्तर जाईल. माळशेजच्या डोंगरावरची कारवी सात-आठ वर्षे मोजून एकदम कशी फुलते, हा तसाच प्रश्न आहे. आणि तसे उत्तर मिळालेले मूल विज्ञानापासून दुरावत नाही, उलट जवळ येते.

तथापि ज्यांच्याकडे प्रश्न कमी आणि उत्तरे अधिक आहेत अशी मुलेही याच भागात आहेत, आणि त्यांची स्थिती सर्वांत विपरीत आहे. पाऊस पडण्याच्या बेताला रानात शेवळे उगवतात. आधी फुलोरा वर येतो, पान मागाहून, कारण वर्षभराची शिदोरी जमिनीतल्या कंदात साठवलेली असते. शेवळ्याची भाजी घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. खाज आणणारे स्फटिक आणि त्यावर आंबटाचा उतारा हे रसायन कातकरी आणि ठाकूर घरांतली दहा वर्षांची मुलगी जाणते. त्याच मुलीच्या प्रगतिपुस्तकात परिसर अभ्यासाचे गुण काठावरचे असतात, कारण उत्तरपत्रिकेत तिला वनस्पतीचे तीन उपयोग पुस्तकातल्या क्रमाने लिहिता येत नाहीत. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्याबरोबर. ज्या जमातीचे नावच खैराच्या कातावरून पडले, तिची मुले शाळेच्या हजेरीपटावरून निघून भट्टीच्या धुरात जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. वार्षिक परीक्षा तोवर होऊन गेलेली असते. भट्टीवरच्या मुलांना जवळच्या शाळेत त्याच आठवड्यात दाखल करून घेणे, आणि परिसर अभ्यासाच्या मूल्यमापनात रानात दाखवून दिलेल्या, तोंडी सांगितलेल्या ज्ञानाला लेखी उत्तराइतकेच गुण देणे, या दोन गोष्टी येत्या दिवाळीपूर्वी करता येण्यासारख्या आहेत. पहिलीसाठी नवा कायदा नको, २००९ चा शिक्षणहक्क कायदा पुरेसा आहे. दुसरीसाठी शिक्षणखात्याचे एक परिपत्रक पुरेल.