प्रेक्षकाला कळत नाही म्हणे!

एकांकिका पडली की दिग्दर्शकाचं ठरलेलं वाक्य असतं: 'इथला प्रेक्षक अजून तयार नाही.' आमच्या वसईकरांच्या वाट्याला तर ते हमखास येतं. म्हणणाऱ्याने एकदा शुभ शुक्रवारी सांडोरच्या सेंट थॉमस चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसावं. वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या, सगळं आदल्या रात्रीच उतरवलेलं. ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या मंजूषेचं दार सताड उघडं, आत काही नाही. घंटा मुकी. धर्मगुरू लाल झगा घालून येतात आणि चकार शब्द न काढता वेदीसमोर पालथे पडतात. आईच्या मांडीवरून नुकतं उतरलेलं पोरही तेव्हा गप्प होतं. त्याला कुणी माहितीपत्रक दिलेलं नसतं.

आणि या माणसांना तुमचा टांगलेला दोर कळत नाही? कळतो हो, फार लवकर कळतो! दोर दिसला की कुणीतरी लटकणार. लाल प्रकाश म्हणजे रक्त, पांढरे मुखवटे म्हणजे व्यवस्था आणि कोपऱ्यातली मोडकी खुर्ची म्हणजे सत्ता. स्पर्धांमध्ये ही खुर्ची मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तिलाच उत्तेजनार्थ बक्षीस देऊन टाकावं. एवढं करूनही तुमचा भरवसा नाहीच. शेवटी एक पात्र पुढे येऊन खुर्चीचा अर्थ सांगतं. व्यावसायिकवाल्यांनी तेही कष्ट सोडले. मागे एलईडीचा पडदा. नट 'पाऊस' म्हणाला, की पडलाच पाऊस.

याउलट दशावतारात नुसतं एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन, तो उठला की नुसतं लाकूड. भरताच्या नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग आहे: नट रंगमंचावर फिरला की स्थळ बदललं. तमाशातला नट आजही एक गिरकी घेऊन दुसऱ्या गावाला पोचतो आणि समोरची माणसं तिकीट न काढता त्याच्याबरोबर जातात.

16 डिसेंबर 1972 ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. ब्राह्मणांची एक रांग डुलते आहे. तिने पाठ फिरवली की भिंत, तोंड फिरवलं की पुणं. भिंतीआड काय चाललंय ते दिसत नाही, पण ती भिंत कुणाची आहे हे मात्र लख्ख दिसतं. रंगभूमीवर अर्थ असा तयार होतो. लोक इतके खवळले, की ते करणाऱ्या पीडीए या संस्थेने 19 प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. न कळलेल्या नाटकावर कुणी एवढं खवळतं का? तुमच्या खुर्चीवर तर अजून कुणी साधं नाकही मुरडलेलं नाही.

तेव्हा तो दोर आधी तालमीत नीट वापरून बघा. त्यावर कपडे वाळत घाला, त्याने होडी बांधा, त्याचा पाळणा करा. मग वाटलंच तर फास. आणि कृपा करून, ते माहितीपत्रक छापू नका.