तलावातला गाळ आणि आभाळातले पाणी

बालाघाटाच्या पठारावर, लातूर जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेली धर्मापुरी ही केदारेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि जुना किल्ला यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. सर्वसामान्यांना मात्र हा परिसर आठवतो तो टँकरमुळे.

बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतच. परंतु खरी चिंता पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो याची आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पावसाचा खंड लांबतो आणि नंतर काही तासांत आभाळ फाटते. धनेगावच्या मांजरा धरणाने ही दोन्ही रूपे पाहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्याआधी २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी थांबले होते. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये याच धरणाचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले.

ज्या घरांत पाणी गाळून जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची रीत आहे, तिथे टँकरने वेगळाच पेच निर्माण केला. हे पाणी मुळात कोणत्या विहिरीचे, हेच घरच्यांना ठाऊक नसते!

मुसळधार पाऊस शेतातली माती तलावात आणतो. तलाव उथळ होतो, आणि उथळ पसरलेले पाणी उन्हाने लवकर उडते. खालचा काळा पाषाण पाणी धरतो तोही केवळ भेगांत आणि वरच्या मुरमात. म्हणून बोअर अधिक खोल नेणे हा उपाय नव्हे. उसाच्या हव्यासाबद्दल तर न बोललेलेच बरे.

२०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ उपसण्याचे मोठे काम केले. तो गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात नेऊन पसरला. मुरमाड जमिनीवर काळी माती आली. पण गाळ दर पावसाळ्यात नव्याने येतो. उपसणारी यंत्रे मात्र दुष्काळाच्या वर्षीच येतात आणि एखादा चांगला पाऊस झाला की गाव तलावाकडे पाठ फिरवते. तलाव भरलेला असतानाच पुढच्या उन्हाळ्यातील उपशासाठी वर्गणी गोळा करणे ग्रामसभेला अवघड नाही.