माझ्यापुरतं करा ना!

चौतीस वर्षं मी बँकेत काढली. काउंटरपलीकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, ‘‘साहेब, माझ्यापुरतं करा ना!’’ सही जुळत नाही, मुदत उलटून गेलीय, जामीनदार आलेला नाही. पण माझ्यापुरतं करा. या वाक्याचा मला मनस्वी तिटकारा. तेच वाक्य गेल्या वर्षी माझ्या तोंडून निघालं. अमेरिकेत, ग्रँड कॅन्यनच्या काठावर, अकरा वर्षांच्या नातीसमोर.

निमित्त ड्रोनचं. मुलाने हौसेने घेतलेलं हे यंत्र घडी घातली की तळहातावर मावतं. वजन २४९ ग्रॅम. पाव किलोला एक ग्रॅम कमी, कारण तिकडे हौसेखातर उडवणाऱ्याला २५० ग्रॅमपर्यंत नोंदणी लागत नाही. इतकी मोजूनमापून काढलेली वाट पाहून माझ्यातला बँकवाला खूश झाला होता. त्याच्या घराजवळच्या माळावर आम्ही तो उडवलाही होता. वरून दिसणारी शेतं म्हणजे आजीची गोधडीच! माझ्यासारख्या गुडघे गेलेल्या माणसाला हे केवढं सुख, हे तरुणांना कळायचं नाही.

ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल. तळाशी कोलोरॅडो नदी आहे. पण काठावरून ती दिसलीच तर दोऱ्याएवढी. खाली उतरणं माझ्या नशिबी नव्हतं. म्हटलं, ‘‘काढ रे तुझा तो ड्रोन.’’

‘‘बाबा, इथे चालत नाही.’’

‘‘अरे, पाच मिनिटांचं काम. आणि हेलिकॉप्टरं फिरतात, ती चालतात? माझ्यापुरतं उडव की!’’

नात म्हणाली, ‘‘आजोबा, मग सगळेच म्हणतील ना, माझ्यापुरतं.’’

मी गप्प बसलो. चौतीस वर्षं मी लोकांना हेच तर सांगत होतो.

रात्री हॉटेलवर मुलाकडून सगळी माहिती काढून घेतली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांनी जून २०१४ मध्ये ड्रोनवर बंदी आणली. मोडणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याआधीच्या एप्रिलमध्ये याच कॅन्यनवर लोक सूर्यास्त पाहत शांत बसले असताना एक ड्रोन घोंघावत आला आणि शेवटी दरीत कोसळला. त्याच महिन्यात झायन उद्यानात एका ड्रोनला बुजून रानमेंढ्यांचा कळप उधळला. पिल्लं मोठ्यांपासून तुटली. बंदीनंतर दोनच महिन्यांनी यलोस्टोनच्या प्रसिद्ध रंगीत गरम झऱ्यात एका परदेशी पाहुण्याचा ड्रोन बुडाला. मे २०२१ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका अभयारण्यात ड्रोन पडला, तेव्हा हजारो कुररी पक्षी घाबरून घरटी सोडून गेले. दीड-दोन हजार अंडी तशीच राहिली. यांतल्या कुणाच्याही मनात पाप नसावं. प्रत्येकाला आपल्यापुरता एक देखावा हवा होता.

हेलिकॉप्टरचं उत्तरही तिथेच सापडलं. ३० जून १९५६ रोजी याच कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसं दगावली. त्या भागात विमानांवर जमिनीवरून नियंत्रण नव्हतं. वैमानिकांनी डोळे उघडे ठेवून परस्परांना टाळायचं, एवढीच रीत होती. प्रवाशांना दरीचा देखावा नीट दिसावा म्हणून केलेली खटपट हेही एक संभाव्य कारण म्हणून चौकशी अहवालात नोंदलं गेलं. दोन वर्षांनी तिथे विमान वाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. आज तिथली हेलिकॉप्टरं आखून दिलेल्या मार्गांनी, ठरलेल्या उंचीवरून जातात. खिशातून काढून हवेत सोडलेल्या यंत्राला असा मार्ग कुठला?

मी ड्रोनच्या विरोधात नाही. ज्यांना चढवत-उतरवत नाही, त्यांच्यासाठी उद्यानांनीच एखादी जागा, एखादी वेळ ठरवावी आणि आपल्या माणसाकरवी तो उडवावा, असं मला आजही वाटतं. पण ती सोय सगळ्यांसाठी हवी. दरी कुणाच्या मालकीची नाही, तशी तिथली शांतताही. एकाने घेतलेला देखावा शंभरांच्या शांततेतून वजा होतो, हा हिशेब कळायला बँकेची नोकरी लागत नाही.

आपल्याकडची मंडळी आता मुलाबाळांकडे वरचेवर परदेशी जातात. लोणच्याच्या बरण्या मोजताना एवढंही पाहून घ्यावं. मोरोक्कोत पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन नेताच येत नाही. युरोपात कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला, तरी उडवणाऱ्याला नोंदणी लागते. आपल्या सरकारनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हा नातवासाठी तिकडून भेट आणण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा काठावर गेलो. बरीच माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. ऊन उतरू लागलं तसा खालून एक प्रचंड काळा पक्षी पंख न हलवता वर आला. कॅलिफोर्निया कॉन्डोर. १९८२ मध्ये जगात हे उणेपुरे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून १९९६ पासून ते या भागात पुन्हा सोडले गेले. त्याच्या पंखावर नंबरचा बिल्ला होता, आमच्या बँकेतल्या टोकनसारखा.

फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. नातीने तेवढा तो नंबर वहीत लिहून घेतला.