आधी उभं झाड शिकवा

पाऊस स्थिरावला की मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या शाळांत खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. 2019 साली तर राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत लावलेल्या रोपाला पाणी घालावं लागत नाही. त्याला पाणी लागतं ते एप्रिल-मेमध्ये, जांभ्यावरची माती तापून निघते तेव्हा; आणि शाळेची सुट्टी नेमकी त्याच दिवसांत. झाड लावायला आपण शिकवतो, जगवायचं राहून जातं. म्हणून माझं म्हणणं असं, की शहरातल्या मुलाचा पहिला धडा शाळेच्या दारात आधीच उभ्या असलेल्या जुन्या झाडाचा असावा.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला: मालवणच्या पोराला झाड काय शिकवायचं? मागीलदारी माड आहेत, परड्यात फणस आहे. खरं आहे. पण परड्यातल्या माडाला धनी असतो. त्याचं आळं खणलं जातं, त्यात शेणखत, राख, मीठ पडतं. रस्त्याकडेच्या वडाला, करंजाला, उंडीला असा धनी नाही. जिच्या बियांचं तेल पूर्वी होड्यांना लावत, त्या उंडीच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक येऊन भिडतात आणि कुणालाच वावगं वाटत नाही. परड्यात जे आपण जाणतो ते रस्त्यावर आलो की विसरतो. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला तर परडंही नाही.

झाडाची पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. सिमेंट बुंध्याला टेकलं म्हणून झाड लगेच मरत नाही. शेंड्याकडून हळूहळू वाळत जातं, त्यामुळे दोष कुणाच्याच माथी लागत नाही. बॅनरसाठी बांधलेल्या तारेचंही तसंच. काही वर्षांत साल तारेवर चढते, तार आत रुतते, आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा सालीखालचा थर तिथे आवळला जातो. बोटाने चाचपलं तर ती खाच लागते. मुलांना ती चाचपायला लावावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. आपल्या नगरपरिषदांनी तशा आदेशाची वाट कशाला पाहावी? राज्याच्या 1975च्या नागरी वृक्ष कायद्यानुसार झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही झाड तोडणंच आहे, आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक आहे. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. वयाचा अंदाज बांधायचा तर घेराची नोंद हवी. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून दरवर्षी घेर लिहिणं आठवीच्या मुलांना गणिताच्या तासालाही जमेल.

16 मे 2021चं तौक्ते चक्रीवादळ कुणी विसरलेलं नाही. घरांवर, तारांवर झाडं पडली, गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्यामुळे झाडाची भीती खोटी म्हणता येत नाही. पण झाड पडण्याची कारणं अनेकदा आधीपासून दिसत असतात: पाइपलाइनच्या चरात एका बाजूची तुटलेली मुळं, तारांसाठी एकाच अंगाने केलेली छाटणी, बुंध्यावर उगवलेली अळंबी. वर्षभर झाड पाहणाऱ्या मुलांच्या वहीत हे सगळं उतरेल. सरसकट कुऱ्हाड चालवली की धोक्याच्या झाडाबरोबर धडधाकट झाडही जातं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात कणकवली-कुडाळकडचे जुने वृक्ष मोठ्यांनी पाडायचे आणि झाडं जपायची पोरांनी? तसं होता कामा नये. बॅनरच्या तारा काढणं, सिमेंट फोडणं, शास्त्रशुद्ध छाटणी ही नगरपरिषदेची कामं. मुलांनी पाहावं, मोजावं, लिहावं. ती वही नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे मांडून तिला लेखी उत्तर मिळवणं हे शिक्षक-पालकांचं काम; नाहीतर लिहून काही होत नाही, एवढंच मुलं शिकतील.

मुख्याध्यापकांना विनंती आहे: यंदा रोपं मागवण्याआधी शाळेच्या आसपासची झाडं मुलांकडून मोजून घ्या, यादी नगरपरिषदेत द्या आणि तिची पोच घ्या.