मातेच्या मनाचीही विचारपूस व्हावी

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीकाठी वसलेले एरच ही हिरण्यकश्यपूची राजधानी होती, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. प्रल्हाद सर्वांच्या स्मरणात असतो. त्याची माता कयाधू क्वचितच आठवते. भागवतातील कथेनुसार, पती तपश्चर्येस गेला असता इंद्राने गर्भवती कयाधूला पकडून नेले. नारदांनी तिला सोडवून आपल्या आश्रमात ठेवले. या कथेतून आपण केवळ गर्भसंस्काराचा बोध घेतो. परंतु त्या मातेला सर्वप्रथम लाभले ते अभय, हे ध्यानी घ्यावयास हवे.

गरोदरपणातील गुंतागुंत ओळखण्याची साधने आज गावोगावी पोहोचली आहेत. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी असणे किंवा विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक होणे, ही धोक्याची सूचना होय. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सरकारी आरोग्य केंद्रांत २०१६ पासून दरमहा ९ तारखेला गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते.

मनाची चौकशी मात्र राहून जाते. डोहाळे हौसेने पुरवले जातात. पण प्रसूतीची भीती, आधीच्या गर्भपाताचे दुःख, ‘मुलगाच हवा’ हा दबाव, यांविषयी तिला कोण विचारते? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता वा निद्रानाश राहिल्यास ते ‘नाजूकपणाचे चोचले’ समजू नयेत, डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

या बाबतीत बँकेचाही वाटा आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये थेट मातेच्या खात्यात जमा होतात. पासबुक तिच्या नावाचे असले, तरी ते पैसे तिच्या आहारावर व औषधांवर खर्च होतात काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या नावावरील रकमेचा निर्णय स्वतः घेता येणे, हाही मनाचा मोठा आधार असतो. काउंटरवर आलेल्या गर्भवतीला बसावयास खुर्ची द्यावी, रांगेत तिष्ठत ठेवू नये आणि खात्याची माहिती तिलाच द्यावी. शाखेतील गर्भवती सहकारी भगिनीचे कामही इतरांनी न कुरकुरता वाटून घ्यावे.

रक्तदाब यंत्राने मोजता येतो. मनावरील भार मात्र आपुलकीने विचारल्यावाचून कळत नाही. म्हणून ‘बाळ कसे आहे?’ या प्रश्नाआधी ‘तू कशी आहेस?’ हे विचारण्याची रीत घरोघरी पडावी.